वहिनींची अट

“गाडी गॅरेजलाच टाकतो. तू नको त्यात पडूस,” थोरला म्हणाला आणि टेबलावरची किल्ली त्याने परत खिशात घातली.

“मी कुठे म्हटलं, मी करतो म्हणून?” धाकटा म्हणाला.

“तुम्ही नाही, भावजी, मी म्हटलं.” वहिनींनी डाव्या हाताने कप उचलला. उजवा मांडीवर होता. त्या हाताची बोटं आता नीट मिटत नसत. धाकटा या घरात आला की त्याची नजर आधी तिथेच जाई.

वहिनींच्या लेकीचं बाळंतपण तोंडावर आलं होतं. ती राहायची घाटापलीकडे, बसही न जाणाऱ्या गावात. अपघातानंतर वहिनी गाडीत बसल्याच नव्हत्या. आता बसायला तयार होत्या, पण एका अटीवर. गाडीची मोठी सर्व्हिसिंग निघाली होती: टायमिंग बेल्ट, प्लग, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑईल. ती भावजींनी स्वतःच्या हातांनी करायची.

“वहिनी, सगळं माहीत असून तुम्ही मलाच सांगता?”

“म्हणूनच सांगते. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. मला फुंकून पिणारा मेकॅनिक हवाय.”

“उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला?” थोरला म्हणाला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

दादाचा आपल्यावर विश्वास उरलेला नाही, हे धाकट्याला पुन्हा एकदा कळलं. त्याला राग आला नाही. विश्वास ठेवावा असं त्याने केलं तरी काय होतं?

धाकटा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात हात आणि सुट्टीला गाडीच्या पोटात, अशी घरात त्याची थट्टा चाले. दादाच्या जुन्या गाडीचं सगळं तोच बघायचा. ब्रेकचे पॅड आणि ऑईल त्यानेच बदललं, आणि पुढच्याच आठवड्यात घाटातल्या एका वळणावर गाडी कठड्यावर गेली. थोरला चालवत होता; शेजारी वहिनींचा डोळा लागला होता. त्यांना काहीच आठवत नव्हतं.

हॉस्पिटलच्या जिन्यात थोरला एवढंच म्हणाला होता, “पेडल थेट खाली गेलं रे.”

ब्रेकच्या नळीत हवा राहिली की पेडल असंच खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. धाकट्याला आणखी काही विचारायची गरज वाटली नाही. ती गाडी भंगारात गेली, तिच्या जागी ही सेकंडहँड आली, पान्यांची पेटी माळ्यावर गेली. नातेवाइकांपैकी कुणी विषय काढलाच, तर थोरला लगेच दुसरं बोलायला लागे. धाकटा मात्र दर रविवारी यायचा, वहिनींना न उघडणारी बरण्यांची झाकणं उघडून द्यायचा आणि खाली मान घालून घरी जायचा. त्याला दुसरं काही सुचत नसे.

त्या संध्याकाळी दादाकडून किल्ली मागून घेऊन तो एकटाच गाडी घेऊन गॅरेजवर गेला. काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं त्याने पक्कं केलं होतं. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, ब्रेक ऑईलच्या डबीचं झाकण फिरवून आत पाहिलं.

“हे कशाला बदलता, डॉक्टर? चांगलंय. चालवा अजून वर्षभर.”

ऑईल कोऱ्या चहासारखं काळपट झालं होतं, म्हणजे बदलायलाच हवं होतं. धाकट्याने बॉनेट लावलं, गाडी दादाच्या दारात सोडली, घरी आला आणि माळ्याला शिडी लावली.

बेल्टचं काम शनिवारी झालं. खुणा जुळवल्या, इंजिन हाताने फिरवून पाहिलं, पुन्हा खुणा बघितल्या. प्रत्येक नट आवळला की त्यावर तो पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, आणि ठिपका वाळायच्या आत त्याच नटावर पुन्हा पाना लावून बघायचा. वहिनी दारातून बघून हसल्या. “इतकं पारखून तर कुणी लग्नाचं स्थळही बघत नाही, भावजी.” त्यालाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं.

ब्रेकचं काम रविवारी सकाळी काढलं. नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात: एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून नळीचा स्क्रू उघडायचा आणि आवळायचा. थोरला नको नको म्हणत होता. शेवटी वहिनींनीच त्याला सीटवर नेऊन बसवलं आणि त्या बॅग भरायला आत गेल्या.

“दाब.”

“दाबलं.”

“धरून ठेव. सोडू नकोस हं.” आधी बुडबुडे आले, मग स्वच्छ ऑईल. धाकट्याने स्क्रू आवळला. “सोड.”

एकेक चाक झालं. शेवटच्या चाकाशी तो मुद्दाम रेंगाळला. इथून दादाचं तोंड दिसत नव्हतं, त्यामुळे बोलणं सोपं होतं.

“दादा, दुसरा कुणी असता तर मला दारात उभं केलं नसतं. तू एका शब्दाने बोलला नाहीस. मला रोज लाज वाटते रे.”

वर सीट करकरली.

“बरं, आता दाबून बघ. कसं लागतंय?”

“कडक.”

“नक्की? पुन्हा दाब. जोरात.”

“कडक आहे.”

धाकट्याने पाना खाली ठेवला. “त्या दिवशी माझ्या हातून एवढंच नीट झालं असतं, पेडल असं कडक लागलं असतं, तर वहिनींचा हात...”

“कडक तर ते त्या दिवशीही होतं,” थोरला म्हणाला.