हातची सुरी

ताईच्या पत्राला अण्णांनी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. "बोटं दुखतात रे, हातात बसेल अशी एक हलकी सुरी करून दे," एवढंच तिने लिहिलं होतं. सुरी द्यायची तर आपल्या हातचीच, या हट्टापायी अण्णांनी दहा ठिकाणी चौकशी करून पातं घासायला बेल्ट ग्राइंडर घेतला. त्याचा वेग इतका की पातं तापून निळं पडे आणि धार धरेना. वेग कमी करणारी मोटर बसवली, तर पट्टा चाकावरून सटकायला लागला. चाकं बदलली, तर सगळं मशीनच थरथरू लागलं. ताईचा फोन आला की अण्णा तो बायकोच्या हातात देऊन गॅरेजमध्ये पळ काढत.

"सुरी करताय की विमान?" बायको विचारायची.

शेवटी अण्णांनी हात टेकले. "ताई, मला सुरी जमली नाही, माफ कर," असं लिहून ते पाकीट चिकटवायला बसले.

"टाकू नका ते," बायको चाचरत म्हणाली. "वन्संना तुमची सुरी कधीच पोचलीय. मीच दुकानातून आणून तुमच्या नावाने पाठवली. दर फोनला कौतुक करतात."

"दुकानातली? आणि ती धार धरते?"

"अजून धरते."

अण्णांनी पत्र फाडलं आणि दुसरा कागद घेतला.



संध्याकाळी टपालपेटीत पडलेल्या पत्रात एवढंच होतं: "ताई, सुरीची धार गेली तर कळव. माझ्याकडे मशीन आहे."