उणे नव्वद

"उणे नव्वद." इंद्रजीत सरांनी उत्तरपत्रिका टेबलावर आपटली. "जीवशास्त्राचे नव्वद प्रश्न. नव्वदच्या नव्वद चूक, दर चुकीला एक मार्क वजा. काका, हिला घरी न्या. नीटला दोन महिने राहिलेत, माझा रिझल्ट नासवायला नको."

काशीराम विचुंब्याहून पहिल्यांदाच क्लासच्या केबिनमध्ये आला होता. भिंतीवर मेडिकलला लागलेल्या पोरांचे फोटो. बाजूला त्याची मुलगी, प्राची. तिने मान खाली घातली नव्हती.

क्लासचा एक नियम होता. रविवारच्या टेस्टमध्ये जो शेवटचा, त्याने आठवडाभर फळ्याजवळ उभं राहायचं, गळ्यात मार्कांची पाटी घालून. सर याला 'जिद्द पेटवणं' म्हणायचे. आधी तिथे रुचिरा असायची, प्राचीच्या बाकावरची. सलग तीन आठवडे. शिकवता शिकवता सर तिला खडू मारायचे आणि पोरं हसायची. हसावंच लागायचं. चौथ्या आठवड्यात ती आलीच नाही. आता रोडपालीला घरी असते. पुस्तक दिसलं तरी ओकते.

तेव्हापासून पाच आठवडे ती पाटी प्राचीच्या गळ्यात होती.

"लाज म्हणून नाही हो," सर म्हणाले. "उभी बघा कशी राहते, बक्षीस मिळाल्यासारखी."

काशीरामने उत्तरपत्रिका उचलली. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. गोल वाचता येत होते.

"सर, एका प्रश्नाला चार गोल. त्यातला एक बरोबर. असंच ना?"

"हो. मग?"

"मंग आमचा बोकड जरी यावर खुरांनी ठिपके उठवत गेला, तरी वीस-बावीस बरोबर येतील. माझ्या पोरीचा एक पन नाय?"

सरांनी कपाटातून तिच्या मागच्या चार टेस्ट काढल्या. आजवर त्यांनी फक्त नंबर बघितला होता. एकही प्रश्न कोरा नव्हता. एकही उत्तर बरोबर नव्हतं.

"सगळी चुकवायला सगळी यावी लागतात, सर," काशीराम म्हणाला. मग मुलीकडे वळला. "बाय, मुद्दाम?"

"उणे नव्वदच्या खाली कुणाला जाताच येत नाही, बाबा."

सरांनी घाईघाईने खुर्ची पुढे सरकवली. आवाजात एकदम साय आली. "बस बेटा, बस. म्हणजे प्रश्नाला चार मार्क धरले तर तीनशे साठपैकी तीनशे साठ? अगं, आधी सांगायचंस ना. उद्यापासून तू स्टार बॅचला. फी माफ. निकाल लागू दे, पनवेल स्टेशनसमोर तुझा एवढा मोठा फ्लेक्स लावतो."

प्राची बसली नाही.

"आणि फळ्याजवळ कोण उभं राहणार?"