शर्मिलाबाईंचा उपास

"आज माझा उपास आहे हो," असं म्हणत शर्मिलाबाईंनी पुढे आलेलं ताट दोन बोटांनी मागे सारलं.

नाते गावच्या बौद्धवाडीत आम्रपालीने नवं घर बांधलं होतं. तिच्या शाळेतले सगळे शिक्षक जेवायला आले होते. सासू, चंपाबाई, पहाटेपासून चुलीपुढे बसली होती. शर्मिलाबाईंनी भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, फरशीचं कौतुक केलं आणि पाण्याचा घोटही न घेता त्या निघाल्या.

संध्याकाळी आम्रपाली बहिणीला सोडायला महाडच्या स्टँडवर गेली, तर बाई तिथे हातगाडीपाशी उभ्या राहून वडापाव खात होत्या. आम्रपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"इसारली आसल गो," घरी चंपाबाई म्हणाली.

"इसारली नाय, आई. उपास-बिपास काय नाय. तिला आपला इटाळ हाय."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोघींची गाठ महाडच्या दवाखान्यात पडली. तशी ती बरेचदा पडायची. शर्मिलाबाईंचं वजन शंभराच्या पुढे गेलं होतं, साखर ऐकत नव्हती. डॉक्टरांनी त्यांना एका प्रयोगात घेतलं होतं. निरोगी माणसाच्या शौचातून पोटातले चांगले जिवाणू वेगळे काढायचे आणि कॅप्सुलीत भरून रोग्याला द्यायचे. पहिल्यांदा ऐकून बाईंना ओकारी आली होती. पण साखर उतरली, काटाही थोडा हलला, तशी त्या कॅप्सुलींच्या डबीची वाट बघू लागल्या. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, किळसही नसते.

"तू कशाला येतेस गं इथे? काडीसारखी तर आहेस," बाईंनी विचारलं.

"पोटाचंच आहे."

"तिखट कमी खा. तुमच्याकडे सुकट फार असते ना."

आम्रपालीने दात आवळले. तुमच्याकडे! पंधरा वर्षं एका स्टाफरूममध्ये बसून हीच ओळख. थोबाडीत द्यावी असं वाटत होतं, पण ती बाकावर तशीच बसून राहिली.

बाई जवळ सरकल्या. "आज जीव थाऱ्यावर नाही बघ. ज्याच्यापासून माझं औषध होतं ना, त्याने या आठवड्यात देणार नाही म्हणून कळवलंय. एवढी माणसं तपासली, तेवढा एकच पास झाला. तो थांबला तर सगळं बंद. पुन्हा इंजेक्शनं आली."

"कोण आहे तो?"

"नाव कुठे सांगतात! पण सोवळ्यातला असणार, चांगल्या घरातला. त्याशिवाय का पोट इतकं शुद्ध? भेटला ना, तर पाय धरीन त्याचे."

"धराल?"

"अगं, देवमाणूस तो."

एवढ्यात नर्स बाहेर आली. आज डबी नाही, तिने शर्मिलाबाईंना सांगितलं. बाईंचा चेहरा पडला. डोळ्यांना पदर लावून त्या जिना उतरल्या. आम्रपालीला वाईट वाटलं नाही. तसं वाटायला हवं, हेही तिला वाटलं नाही.

मग तिला आत बोलावलं. डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली.

"मॅडम, नाही म्हणू नका. तुमच्या पोटात जे आहे, ते मला दोन तालुक्यांत दुसऱ्या कुणाकडे सापडलं नाही."

आम्रपाली उभीच राहिली.

"देईन, डॉक्टर. पण यापुढे प्रत्येक डबीवर देणारीचं नाव लिहायचं. आडनावासकट."