पहिला नंबर
गावसभेनं भूसुरुंग काढायच्या यादीत मोठ्या जावेचं, चान्नारीचं, शेत पहिलं घातलं, आमचं नववं. राबायला मात्र मीच, सुरुंग काढणाऱ्या पथकातली! चार महिने गुडघे टेकून तिची माती वीत-वीत उकरली, अकरा सुरुंग काढले. आता तिथवर रस्ता येणार, तिच्या कसाव्याचे कंद ट्रकमध्ये चढणार; आमच्या शेतात सुरुंगाच्या धोक्याची, कवटीची लाल पाटीच उगवणार. आमच्या बट्टमबाँग प्रांतात शेत मोकळं झालं की मालकाआधी सुरुंग काढणाऱ्यानंच शेतभर चालून दाखवायचं असतं. आज मी पाय आपटत चालले. “काय गं धाकटे, जळतेस?” चान्नारी बांधावरून ओरडली. “सगळं गाव तुमच्याच बाजूचं, जाऊबाई!” “मग बदलूया नंबर. पहिला तू घे, आणि भावजींचा एक पाय आमच्या ह्यांना दे.” कुबडी टेकत मोठे दीर बांधाशी आले, पण खाली पाऊल टाकेनात. मी वळले आणि त्यांच्यापुढे पुन्हा सगळी जमीन तुडवत निघाले.