प्लास्टरच्या चिमण्या

दातांच्या दवाखान्यात साफसफाई करणाऱ्या मावशी कवळीच्या साच्यांतून उरलेली प्लास्टरची ढेकळं जेवणाच्या सुट्टीत गुपचूप कोरून त्यांच्या चिमण्या करायच्या. एकदा कपाटामागे लपवलेल्या तीन चिमण्या नेमक्या डॉक्टरीणबाईंच्या हाती लागल्या. “मावशी, आत या,” अशी हाक आली. मावशी आत गेल्या, तर टेबलावर तिन्ही चिमण्या. नोकरी गेलीच म्हणायची! “बाई, टाकाऊच घेत होते हो,” त्या चाचरत म्हणाल्या. “ते राहू द्या. कोरता कशाने?” मावशींनी एप्रनची सेफ्टीपिन काढून दाखवली. बाईंनी कपाळावर हात मारला आणि खणातून एक डबा काढला. आत बारीक टोकांची बारा जुनी हत्यारं होती, घासूनपुसून ठेवलेली. “दातांसाठी जरा बोथट झालीत, चिमण्यांना चालतील. न्या, तुमचीच.” संध्याकाळी बसथांब्यावर मावशी एकेक हत्यार धरून हवेतच पंख कोरत बसल्या, बस येऊन गेल्याचं त्यांना कळलंच नाही.