बाहेरून कुलूप

"अक्का, बाळ हलंना."

दाराच्या फटीतून नागम्माचा आवाज आला आणि मंजुषाच्या हातातला तांब्या कलंडला. वैशाखाचं ऊन, वर तापलेले पत्रे आणि कडीला लक्ष्मम्माचं कुलूप. लक्ष्मम्मा तिची भाडेकरू. नवरा हैदराबादला गेला तो तिकडचाच झाला, म्हणून ही देगलूरकडून दोन लेकरं घेऊन लातूरला आली आणि डाळ मिलमध्ये कामाला लागली. सकाळी लेकरांना खोलीत कोंडायचं, चावी कमरेला खोचायची, संध्याकाळी येऊन उघडायचं. मिलमधल्या बऱ्याच बाया असंच करत. नागम्मा जेमतेम सहा वर्षांची, पण दिवसभर तीच धाकट्याची आई.

भाडेकरूंच्या भानगडीत पडायचं नाही, असं मंजुषाच्या नवऱ्यानं, वीरेशनं, बजावून ठेवलं होतं. त्याची मार्केट यार्डात आडत होती आणि भानगडी कशा वाढतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मंजुषा भानगडीत न पडता खिडकीच्या गजांतून पाणी द्यायची, केळी द्यायची, गोष्टी सांगायची. त्या दुपारी मात्र तिनं स्वयंपाकघरातला बत्ता आणला आणि कुलूप फोडलं. पोर उकाड्यानं पार मलूल झालं होतं. तिनं त्याला ओल्या फडक्यानं पुसलं, साखर-मिठाचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं, दोघांना घरात नेऊन कूलरपुढं निजवलं. बाळ रडलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. आपल्या हातून मोठं पुण्य घडलं असं तिला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

संध्याकाळी लक्ष्मम्मानं फुटलेलं कुलूप आणि रिकामी खोली पाहिली आणि असा हंबरडा फोडला की अख्खी गल्ली गोळा झाली. लेकरं सापडल्यावर तिनं आधी नागम्माच्या थोबाडीत दिली, मग दोघांना छातीशी धरून रडली. आता ही आपले उपकार मानेल, म्हणून मंजुषा उभी होती.

"माझं थोरलं पोरगं असंच मोकळं होतं अक्का," लक्ष्मम्मा म्हणाली. "शेजारीण म्हणली, मी लक्ष ठेवते, तू जा कामाला. तिच्याकडं पावणे आले. पोरगं शेततळ्यात घावलं. कुलपाकडं पावणे येत न्हाईत."

वीरेशनं जेवता जेवता ऐकवायचं ते ऐकवलंच. करायला गेलीस गणपती अन् झाला मारुती. उद्या तिला कुलपाचे पैसे दे आणि गप्प बैस. पण मंजुषाला लक्ष्मम्माचंच खरं वाटत होतं. आज आपण लक्ष ठेवायचा शब्द देऊ. उद्या उदगीरला नणंदेकडं बारसं निघेल, परवा कुणाचं लग्न. आपण जरीचं लुगडं नेसून जाऊही. आणि शब्द दिला नाही तर ते पोर एखाद्या दुपारी खरंच हलायचं नाही. तिला कुठूनच वाट सुचेना.

सकाळी लक्ष्मम्मा दुकानातून नवं कुलूप घेऊन आली. पहिल्याहून मोठं. दारात येऊन बघते तर मंजुषा आत सतरंजी टाकून बसलेली, जवळ पाण्याची घागर, खिडकीला ओली पोती.

"लाव कुलूप," मंजुषा म्हणाली. "मी आत हाय. आता पावणे आले तरी मला कुटं जाता येतंय?"

ही लावायची नाही, असं मंजुषाला मनातून वाटत होतं. मालकिणीला कोण कोंडतं? लक्ष्मम्मानं तिच्याकडं पाहिलं, लेकरांकडं पाहिलं. मग दार ओढून घेतलं. कुलूप खटकन लागलं. आता त्या जागेवर मंजुषाच्या पाळणाघराच्या संस्थेची पाटी आहे, भिंतीवर देणगीदारांची नावं आहेत. पण संस्थेचं उद्घाटन झालं ते असं, कुलूप लावून.

दुपारपर्यंत पत्रे तापले. मंजुषानं गोष्टी सांगितल्या, गाणी म्हटली, आणि लेकरं झोपल्यावर उठून एकदा दार आतून ढकलूनही पाहिलं. जेवायला आलेल्या वीरेशनं गजांतून बायकोचं तोंड पाहिलं आणि बत्ताच आणायला निघाला. फोडलंत तर पुन्हा ती बाई कुणावरच भरवसा ठेवायची नाही, असं तिनं हात जोडून सांगितलं. भाकरी झाकून ठेवल्यात, वाढून घ्या, हेही सांगितलं. तो तोंडाला येईल ते बोलत घरात गेला आणि टेबलफॅन घेऊन आला. खिडकीबाहेर स्टुलावर फॅन ठेवून त्यानं वारा आत सोडला आणि दुकानाला निघून गेला.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी लक्ष्मम्माबरोबर मिलमधल्या आणखी बाया आल्या, कडेवर, बोटाशी आपापली लेकरं. त्यांतल्या म्हाताऱ्या गुणाबाईनं कडी ओढून पाहिली, नातवाला आत ढकललं आणि स्वतःचं कुलूप पुढं केलं. लक्ष्मम्माच्या कुलपासंगं हेही लागू दे, असं तिचं म्हणणं. लक्ष्मम्मानं आत पाहिलं. मंजुषाच्या मांडीवर धाकटं झोपलं होतं.

"कुलूप नगं मावशी," ती म्हणाली. "अक्का कुटं जात न्हाई."

बाया कामाला गेल्या. थोड्या वेळानं मंजुषाचा फोन वाजला. उदगीरहून नणंद बोलत होती, आजच्या आज ये म्हणत होती. मंजुषा उठून उंबऱ्याशी आली. समोर दार सताड उघडं होतं, कोपऱ्यावर रिक्षाही उभी होती, आणि तिला कळून चुकलं, की आपण खरे कोंडले गेलो ते आज.