दुसरा कप

समुपदेशक बाई माणूस बघून बसायच्या. लहानग्यांसमोर जमिनीवर फतकल मारून मातीचे हत्ती वळायच्या. कॉलेजातल्या पोरींसोबत खिडकीकडे तोंड करून बसायच्या, म्हणजे नजर टाळून बोलता येई. पण आजी गेल्यापासून अबोल झालेल्या आजोबांपुढे त्यांनीही हात टेकले. तीन भेटी ते मिठाची गुळणी धरून, अख्खा सोफा मोकळा असूनही कडेला अंग चोरून बसले. चौथ्या भेटीला बाईंनी न विचारता चहाचे दोन कप आणले आणि एक आजोबांपुढे, दुसरा सोफ्याच्या रिकाम्या जागेसमोर ठेवला. आजोबांनी कपाकडे पाहिलं. “तिला साखर चालत नाही.” बाई उठल्या, बिनसाखरेचा करून आणला. मग आजोबा बोलत सुटले, बाईंशी नव्हे, कपाशी. नळ गळतोय, चष्मा सापडत नाही. तासाभरानं बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. आजोबा उठले नाहीत. “जरा थांबू? तिला चहा गार करूनच लागतो.”